अर्धं अक्षर: सॉकेटवरून मराठी मजकूर घेताना

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. दुकानांच्या पाट्या. कॅमेरा गुजराती पाटीवरून मराठी पाटीवर सरकतो.)

निवेदन:
दांडिया बाजारातून पाट्या वाचत चाललं की दोन लिप्या शेजारी शेजारी दिसतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, मराठीला आहे. गायकवाडांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत, आणि मराठी कार्यक्रमांच्या सूचना फळ्यावर खडूनं लिहायची रीतही जुनीच. तशीच एक सूचना आज आपण नेटवर्कवरून पाठवणार आहोत.

(दृश्य: एलईडीची पाटी, मागच्या बाजूला छोटा संगणक, केबल. दुसऱ्या खोलीत लॅपटॉप.)

दारावर एलईडीची पाटी. तिच्यामागे रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावेल एवढा संगणक. आतल्या खोलीत लॅपटॉप. लॅपटॉपवर महिन्याच्या कार्यक्रमांची यादी लिहायची आणि ती दारावर उमटली पाहिजे. दोन्हीकडे पायथन या भाषेतला प्रोग्राम, आणि मधला दुवा सॉकेट, म्हणजे प्रोग्रामनं नेटवर्कवरून बाइट पाठवायचं आणि घ्यायचं तोंड.

सॉकेटची ही पद्धत १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीबरोबर जगासमोर आली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला अर्पानेटनं, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यानं, जुना प्रोटोकॉल (संगणकांनी आपसांत बोलायचे नियम) सोडून टीसीपी-आयपी स्वीकारलं होतं. पायथन आलं पुढे, १९९१ मध्ये. पण त्यातल्या सॉकेटच्या फंक्शनांची नावं पाहा: बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह. सगळी बर्कलीचीच. पर्ल घ्या, रुबी घ्या, पीएचपी घ्या, वरची भाषा बदलते. खाली ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली हाक तीच राहते. म्हणून पुढे जे दिसणार आहे ते एकट्या पायथनचं दुखणं नाही.

(दृश्य: पडद्यावर काही ओळींचा कोड. 'रिसीव्ह'ची ओळ उजळते.)

घेणाऱ्या बाजूचा कोड बहुतेक जण असा लिहितात. जोडणी आली की 'रिसीव्ह' बोलवायचं आणि त्याला ४०९६ हा आकडा द्यायचा. जे बाइट हाती येतील त्यांचं यूटीएफ-८ वरून (अक्षरं बाइटांत लिहिण्याची ही पद्धत) अक्षरांत रूपांतर करायचं आणि पाटीला द्यायचे. पाठवणारी आणि घेणारी, दोन्ही स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) एकाच लॅपटॉपवर चालवून पाहिल्या की अडीच हजार बाइटांची यादी बिनचूक दिसते. पुन्हा चालवा, पुन्हा बिनचूक.

आता तीच स्क्रिप्ट केबलच्या पलीकडे.

(दृश्य: पाटीवर यादीचा पहिलाच भाग, पुढे काही नाही. लॅपटॉपवर लाल अक्षरांत 'युनिकोड डीकोड एरर'.)

कधी यादी अर्ध्यावर थांबते, तर कधी स्क्रिप्टच बंद पडते. आणि मधूनच एखाद्या वेळी सगळी यादी नीट उमटते. हे शेवटचं सर्वांत वाईट, कारण त्यामुळे दोष केबलचा, राउटरचा, पाटीचा, कुणाचाही वाटू लागतो आणि कोडकडे कुणी बघत नाही.

(दृश्य: आजवा सरोवर, बांध, पाण्याचा विस्तार.)

शहराच्या पूर्वेला आजवा सरोवर आहे. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेलं, १८९२ पासून बडोद्याला पाणी पुरवणारं. समजा, तिथल्या नळात कुणी एकामागून एक तीन घागरी ओतल्या. शहरातल्या तोटीखाली बादली धरणाऱ्याला पाणी तेवढंच मिळेल, त्याच क्रमानं मिळेल. पण कुठे एक घागर संपली आणि दुसरी सुरू झाली, हे त्याला कळणार नाही. टीसीपी असाच वाहता नळ आहे. पाठवलेला प्रत्येक बाइट पोचवायचा आणि क्रम मोडू द्यायचा नाही, एवढी हमी १९८१ च्या त्याच्या मूळ दस्तऐवजापासून आहे. तुम्ही एका 'सेंड'मध्ये काय दिलं होतं, ते एका 'रिसीव्ह'मध्ये मिळेल, अशी हमी त्यानं कधीच दिलेली नाही.

'रिसीव्ह'ला दिलेल्या ४०९६ चा अर्थ 'जास्तीत जास्त ४०९६' एवढाच. आत्ता जे आलेलं असेल ते तो देतो; एक बाइट आला असेल तर एकच. केबलवरून मजकूर पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो, आणि इथरनेटच्या एका पॅकेटात १५०० बाइट मावतात. त्यातले २० आयपीच्या शीर्षकाचे, २० टीसीपीच्या. उरले १४६०. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा वेळेच्या नोंदीसाठी आणखी १२ घेते, मग १४४८. अडीच हजार बाइटांची यादी म्हणजे दोन तुकडे आलेच. दोन्ही स्क्रिप्ट एकाच लॅपटॉपवर असतात तेव्हा मजकूर केबलवर उतरतच नाही. लिनक्सच्या अंतर्गत रस्त्यावर एका पॅकेटाची मर्यादा ६५,५३६ बाइट असते. म्हणून तिथे यादी अखंड आली होती.

(दृश्य: पडद्यावर 'बडोदे'. एकेका चिन्हाखाली तीन-तीन चौकोन.)

आता मराठीकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

'बडोदे' हा शब्द पाहा. ब, ड, ओकाराची मात्रा, द, एकाराची मात्रा. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, लेखी पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे शब्द झाला पंधरा बाइटांचा. 'ब'चे बाइट आहेत २२४, १६४, १७२. 'क'चे २२४, १६४, १४९. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५.

आणि प्रोग्रामर मंडळी 'रिसीव्ह'ला कोणता आकडा देतात? १०२४. २०४८. ४०९६. सगळे दोनाचे घात, आणि दोनाचा कोणताही घात तीनानं भागला जात नाही. नुसत्या देवनागरीचा मजकूर १०२४ बाइटांवर कापला तर ३४१ चिन्हं पुरी बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एक बाइट तुटून हातात येतो. पॅकेटाचे १४६० घ्या, दोन बाइट उरतात. १४४८ घ्या, तरी दोनच. मजकुरातल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम, इंग्रजी आकडे एकेका बाइटचे असल्यामुळे हिशेब पुढेमागे सरकतो आणि कधी काप नेमका चिन्हाच्या कडेवर पडतो. यादी मधूनच नीट दिसत होती ती यामुळेही. देवनागरी आकडे मात्र तीन बाइटांचेच.

निव्वळ इंग्रजी मजकूर असता तर अक्षर एका बाइटचं. कुठेही कापलं तरी अक्षर तुटत नाही. कोडमधला दोष तिथेही आहेच, पण तो लपून राहतो. मराठी मजकूर त्याला उजेडात आणतो. नेटवर्कचा कोड तपासायचा असेल तर त्यातून मराठी पाठवावी, असं मी आग्रहानं म्हणेन.

(दृश्य: पाटीवर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.)

इथे एक वाईट औषध सर्रास दिलं जातं. डीकोड करताना, म्हणजे बाइटांची अक्षरं करताना, 'इग्नोर' असा पर्याय टाकायचा: जे कळत नाही ते सोडून दे. स्क्रिप्ट थांबत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही. पण काप काना या मात्रेवर पडला तर वक्त्याचं आडनाव 'माने' होतं, ते पाटीवर 'मने' होतं. नोंद कुठेही राहत नाही. तुटलेल्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं तेव्हा निदान काहीतरी हरवलंय हे कळतं; इथे तेही कळत नाही. माणसाचं नाव चुकीचं लागण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली बरी.

(दृश्य: कोड बदलतो. एक साठा भरत जाताना दिसतो.)

खरं औषध सोपं आहे. आलेले बाइट आले की लगेच वाचायचे नाहीत, साठवायचे. पायथनमध्ये त्यासाठी 'बाइटअरे' आहे. प्रत्येक 'रिसीव्ह'चं उत्पन्न त्यात ओतत जायचं. पाठवणाऱ्याशी आधीच ठरवायचं की प्रत्येक सूचनेच्या शेवटी ओळ बदलण्याचं चिन्ह येईल. साठ्यात ते सापडलं की तिथपर्यंतचे बाइट कापून घ्यायचे आणि मग त्यांची अक्षरं करायची. उरलेलं पुढच्या सूचनेचं, ते साठ्यातच राहू द्यायचं.

हे चालतं ते यूटीएफ-८ च्या रचनेमुळे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती रचना केली, तेव्हा एक गोष्ट पक्की ठेवली: अनेक बाइटांच्या चिन्हातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल. ओळ बदलण्याच्या चिन्हाचा बाइट आहे १०. तो कोणत्याही मराठी अक्षराच्या पोटात सापडूच शकत नाही. म्हणून अक्षरं ओळखण्याआधी, नुसत्या बाइटांवर, निर्धास्तपणे ओळी कापता येतात.

याहून आयता मार्गही आहे. सॉकेटवर 'मेकफाइल' बोलवायचं, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगायचं आणि फाइल वाचावी तशा ओळी वाचायच्या. तुटलेलं चिन्ह पायथन स्वतः राखून ठेवतं. पण सॉकेटवर कालमर्यादा (बाइटांची वाट किती वेळ बघायची ती) लावली आणि ती मधेच संपली, तर त्या फाइलचा आतला साठा भरवशाचा राहत नाही. आपल्या पाटीला कालमर्यादा हवीच आहे, का ते पुढे येईल, म्हणून साठा हातानं सांभाळलेला बरा.

तुकडा येईल तसा दाखवायचाच असेल तर 'इन्क्रिमेंटल डीकोडर' मिळतो. तो अर्धं चिन्ह पुढच्या तुकड्यापर्यंत धरून ठेवतो. मराठीला मात्र तेवढं पुरत नाही. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, तीन चिन्हं, नऊ बाइट. डीकोडर पहिली दोन चिन्हं पुरी झाली म्हणून देऊन टाकेल, आणि 'ष' येईपर्यंत पाटीवर पाय मोडलेला 'क्' दिसेल. त्यामुळे रंगवायची ती पूर्ण ओळच.

(दृश्य: पडद्यावर चार चौकोन, पुढे मजकुराची पट्टी.)

सूचनेतच ओळी असतील तर? मग आधी लांबी पाठवायची. चार बाइटांत आकडा, सर्वांत मोठ्या स्थानाचा बाइट आधी, नेटवर्कच्या शिरस्त्याप्रमाणे. त्यामागून तेवढा मजकूर. घेणारा आधी चार बाइट पुरे होईपर्यंत थांबतो, कारण ते चारही दोन तुकड्यांत येऊ शकतात. इथे मराठी लिहिणाऱ्यानं एक जपायचं: लांबी बाइटांची मोजायची. पायथनला 'बडोदे'ची लांबी विचारली तर तो पाच सांगतो. पाच पाठवलेत तर पलीकडे 'ब' आणि दोन तुटके बाइट पोचतात, आणि उरलेले दहा बाइट पुढच्या सूचनेची लांबी म्हणून वाचले जाऊ लागतात. आधी बाइट करा, मग मोजा.

लांबीवर वरची मर्यादाही घाला. चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचा आकडा मावतो. कुणी तेवढा पाठवला आणि छोट्या संगणकानं तेवढी जागा राखायला घेतली, तर पाटी बंद पडलीच म्हणून समजा. ओळींच्या पद्धतीतही तेच: ओळ संपतच नसेल तर ठरवलेल्या संख्येहून जास्त बाइट आल्यावर जोडणी तोडून टाकावी.

उलट गोष्टही घडते. दोन छोट्या सूचना लागोपाठ पाठवल्या तर त्या एकाच 'रिसीव्ह'मध्ये चिकटून येतात. एकेका बाइटसाठी चाळीस बाइटांची शीर्षकं वाहून नेणं परवडत नाही, म्हणून जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये छोटे तुकडे थांबवून एकत्र पाठवण्याचा नियम मांडला. टीसीपीत तो रूढ आहे. साठ्याची पद्धत हेही पचवते, फक्त साठ्यातून एकच ओळ काढून थांबू नका, निघतील तेवढ्या काढा.

टीसीपीला यूडीपी नावाचा दुसरा प्रोटोकॉल पर्याय आहे; यूडीपीत प्रत्येक संदेश वेगळा राहतो, खरं आहे. पण तो पोचेलच असं नाही, आणि 'रिसीव्ह'ला दिलेल्या आकड्याहून मोठा असला तर लिनक्स उरलेला भाग टाकून देतं. सूचनांसाठी टीसीपीच योग्य.

(दृश्य: लॅपटॉपवरची स्क्रिप्ट बंद केली जाते. मग केबल उपसली जाते.)

जोडणी संपते कशी, तेही बघू. पलीकडच्यानं रीतसर बंद केली की 'रिसीव्ह' रिकामे बाइट देतो. त्याचा अर्थ 'आता पुढे काही येणार नाही' असा आहे. 'अजून आलं नाही' असा समज करून घेतला तर स्क्रिप्ट तिथेच गरगरत राहते आणि प्रोसेसर तापतो. केबल उपसली किंवा वीज गेली तर मात्र काहीच येत नाही, रिकामे बाइटही नाहीत. 'रिसीव्ह' थांबलेला तो थांबलेलाच. पलीकडचा जिवंत आहे का, ही टीसीपीची स्वतःची चाचपणी मुळात बंद असते, आणि चालू केली तरी लिनक्स पहिली चौकशी दोन तासांनी करतं. म्हणून कालमर्यादा आपणच घालायची. लॅपटॉपनं दर अर्ध्या मिनिटाला एक रिकामी ओळ पाठवायची. दीड मिनिट काहीच आलं नाही तर पाटीनं जोडणी सोडून नवी जोडणी येण्याची वाट बघायची.

(दृश्य: कोडमधला ४०९६ खोडून तिथे १ लिहिला जातो.)

आणि हे सगळं तपासायला दुसऱ्या खोलीची, केबलची गरज नाही. 'रिसीव्ह'ला ४०९६ च्या जागी १ द्या. मग प्रत्येक मराठी चिन्ह तुटूनच येणार. पहिली स्क्रिप्ट पहिल्याच बाइटला, २२४ ला, कोलमडते. साठा सांभाळणारी स्क्रिप्ट सावकाश चालते, पण यादी पुरी उमटवते. मग ७ द्या, मग १०२४, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडलेल्या ओळी मूळ यादीशी जुळवून पाहा. यादीत 'क्ष', 'ज्ञ' आणि 'ऱ्या' असलेले शब्द मुद्दाम घाला.