गाव बेचिराग, चर्च मात्र चालू

आपल्याकडे जुन्या दप्तरात काही गावांपुढे ‘बेचिराग’ लिहिलेलं सापडतं, म्हणजे जिथं दिवा लावायलाही कोणी उरलं नाही असं गाव. आज ज्याच्याबद्दल बोलतोय ते वॉरम पर्सी असंच, फक्त इंग्लंडात, यॉर्कशरच्या खडूच्या टेकड्यांमध्ये.

गाडी वर लावून किलोमीटरभर उतरत चालावं लागतं, पाऊस झाला असेल तर बूट चांगले घाला, मी घातले नव्हते. खाली गवतात नुसते उंचवटे दिसतात, ती घरं. उभं काय तर सेंट मार्टिनचं चर्च, तेही बिनछपराचं.

लोक म्हणतात प्लेगने गाव खाल्लं. नाही हो. 1349 च्या प्लेगने माणसं गेली हे खरं, पण गाव त्यानंतरही दीडेकशे वर्षं होतं. खाल्लं ते मेंढ्यांनी! लोकरीला भाव आला, जमीनदाराला कुळांपेक्षा मेंढरं परवडायला लागली आणि 1500 च्या आसपास शेवटची चार घरंही उठवली.

आता मला सगळ्यात आवडते ती भिंत. जवळ जाऊन बघा, भिंतीतच मोठ्या कमानी दिसतात, दगड भरून बुजवलेल्या. गाव भरलेलं होतं तेव्हा चर्चला दोन्ही बाजूंनी पडव्या काढल्या, म्हणजे लोक मावेनात म्हणून, आणि पुढे माणसं कमी झाली तशा त्या पडव्या उतरवून कमानी लिंपून टाकल्या. आपण नाही का, पोरं शहरात गेली की मागची खोली बंद करतो, तसंच. शिरगणतीचे कागद नसले तरी चालतील, भिंत वाचा.

गंमत म्हणजे गाव गेलं तरी चर्च थांबलं नाही. शेजारच्या थिक्सनडेलचे लोक टेकड्या ओलांडून इथंच यायचे, बारशाला, लग्नाला, मयताला. 1870 मध्ये त्यांनी स्वतःचं चर्च बांधलं, मग इथली वर्दळ आटली, तरी शेवटची प्रार्थना झाली ती थेट 1949 साली. गावाशिवाय साडेचारशे वर्षं!

आणि पुढच्याच वर्षी, 1950 ला, इतिहासकार बेरेसफर्ड आणि मग पुरातत्त्वज्ञ हर्स्ट या दोघांचं उत्खनन सुरू झालं, दर उन्हाळ्यात, 1990 पर्यंत. चर्चमधून आणि आवारातून सातशेच्या जवळपास सांगाडे निघाले. गावातल्या एका खड्ड्यात मात्र वेगळीच हाडं होती, सुरीने कापल्याच्या खुणा असलेली, भाजलेली, 2017 मध्ये अभ्यासकांनी म्हटलं की मेलेला माणूस उठून परत येऊ नये म्हणून हे केलं असावं. भूत उठू नये म्हणून आपल्याकडे काय काय करतात ते मी सांगायला नको.

चर्चचा टॉवर 1959 मध्ये अर्धा कोसळला. उरलेला अर्धा आतून उभा चिरल्यासारखा दिसतो, पुढच्या फोटोत आहे बघा, आणि खाली कोपऱ्यात ते पांढरं काय, तर मेंढ्या.