शनिवार चालू का?

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"एनी क्वेश्चन्स फ्रॉम युवर साइड?"

इंटरव्ह्यू संपता संपता एचआरवाले हे विचारतात, आणि आत्ता आत्तापर्यंत सोलापूरच्या पोरांचं यावर एकच ठरलेलं उत्तर असायचं, नो मॅम, थँक्यू मॅम. आता पोरं विचारतात. शनिवार चालू का, बॉन्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, आहे का, नोटीस पिरियड तीस दिवसांचा का नव्वदचा, टार्गेट नाही झालं तर पगार कापता का, रात्री दहाला फोन आला आणि नाही उचलला तर काय होतं. समोरची मॅडम जरा थांबते आणि म्हणते, आम्ही इथं एका फॅमिलीसारखे आहोत. बस, एवढं ऐकलं की आमच्या इथलं पोरगं समजून जातं. फॅमिली घरी आहे की बे, अजून एक कशाला.

(दृश्य: रविवार रात्र, जुना पुणे नाका. ट्रॅव्हल्सच्या गाड्या, पाठीवर सॅक.)

कॉर्पोरेट नको म्हणणारी पोरं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोण येतं? बापाचे दोन फ्लॅट असलेला कुणीतरी, नोकरी सोडून डोंगरात कॅफे काढणारा. रील त्याच्यावरच बनतात. सोलापुरात असला प्रकार मला तरी कुणी भेटला नाही. इथं नकार म्हणजे सरळ हिशोब असतो, आणि तो हिशोब या नाक्यावर दर रविवारी रात्री दिसतो. शेंगाचटणीचा डबा, फडक्यात बांधलेली कडक भाकरी, आणि गाडी लागेपर्यंत आईच्या सूचना. पुण्याला आयटीत फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखाच्या आसपास, दहा-बारा वर्षं झाली ते तिथंच घुटमळतंय, मधल्या काळात कॉट बेसिसचं भाडं, मेस, पेट्रोल कुठल्या कुठं गेलं. महिन्याच्या शेवटी घरी पाठवायला काय उरतं ते विचारू नका, कधीकधी घरूनच मागवावं लागतं. मग पोरं म्हणतात, एवढं करून जर हातात काहीच राहणार नाही तर निदान ज्याची लाज वाटेल असलं काम तरी करायचं नाही.

लाज. हा शब्द या फिल्मसाठी बोलताना आम्ही विचारलाच नव्हता, तो पोरांकडून आला.

(दृश्य: फक्त हात. बोटात बॉलपेन फिरतंय.)

हा 25 वर्षांचा आहे. चेहरा दाखवू नका म्हणाला, म्हणून तुम्हाला त्याचे हात दिसतायत. बी.कॉम. झाला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातनं, आणि पहिली नोकरी लागली मायक्रोफायनान्स कंपनीत, म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या, फील्ड ऑफिसर. सकाळी साडेसहाला गाडीला किक, सातला मोहोळ तालुक्यातल्या एका गावात सेंटर मीटिंग. म्हणजे काय, तर कुणाच्या तरी ओसरीवर पंधरा-वीस बायका बसतात, आधी सगळ्या मिळून प्रतिज्ञा म्हणतात की आम्ही हप्ता वेळेवर भरू, मग एकेक जण पुढं येऊन नोटा देते, हा मोजतो, कार्डावर सही करतो, टॅबमध्ये एंट्री मारतो आणि पुढच्या गावाला जातो. एखादीचा हप्ता आला नाही तर गटातल्या बाकीच्यांनी भरायचा, कारण कर्ज तारणावर नसतं, एकमेकींच्या जबाबदारीवर असतं. पद्धत म्हणून यात खोट नाही. सातबारा नाही, सोनं नाही, अशा बाईला दुसरी कुठली बँक दारात उभी करते? पण एखाद्या दिवशी एक हप्ता कमी पडला की खरा कार्यक्रम सुरू होतो. तो काय म्हणाला ते त्याच्याच भाषेत ऐका.

"सर, मला सांगितलेलं की हप्ता आल्याशिवाय उठायचं नाही. तिथंच बसायचं. मग मी बसायचो. आणि ज्या बाईकडं पैसे नाहीत म्हणून मी बसलोय, तीच बाई शेजारनं दूध आणून मला चहा करून द्यायची. आणि बाकीच्या बायका तिला बोलायच्या. एकदा मी तो चहा घेऊन तसाच बसलो, आणि ती विचारती, साखर कमी झाली काय ओ साहेब."

रिझर्व्ह बँकेनं 2022 साली या धंद्याला नियम घालून दिले. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम कर्जांच्या हप्त्यात जाता कामा नये, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. पोरानं हे मोबाईलवर वाचलं आणि साहेबाला विचारलं की मग सातची मीटिंग कशी काय. साहेब म्हणाला, अरे ती मीटिंग आहे, वसुली थोडीच आहे.

त्यानं राजीनामा टाकला. हातात दुसरी नोकरी नव्हती. वडिलांनी बोलणं सोडलं, आई मात्र काही बोलली नाही. आई विड्या वळते, हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला दारात बसलेला वसुलीवाला काय असतो हे वेगळं सांगायला लागत नाही. आता हा अर्ज करताना एक अट घालतो, वसुलीचं काम नको, म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारायचं काम नको, बाकी काय पण सांगा, गोडाऊनमध्ये गठ्ठे पण उचलतो.

कंपन्या आपली मूल्यं वेबसाइटवर मोठ्या फॉन्टमध्ये लिहितात. याची दोन ओळींत बसली.

(दृश्य: कुंभारी, विडी कामगारांची घरं.)

आता यात एक गोष्ट आहे जी रीलमध्ये कधी येत नाही. नोकरी नाही म्हणायलासुद्धा ऐपत लागते. हा पोरगा घरी बसून राहू शकला कारण घराला भाडं नाही. घर कुठलं, तर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं. विडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरांची ही वसाहत, लाल बावट्याच्या युनियननं, तिचे नेते आडम मास्तरांनी, मोर्चे काढून काढून सरकारच्या मागं लागून मिळवलेली. त्याच्या आईनं विड्या वळून आपल्या वाट्याचे पैसे फेडले. म्हणजे आज पोरगं जे "मला हे काम पटत नाही" म्हणतंय, त्या वाक्याच्या खाली आईच्या घराचा पाया आहे. ज्याचं घर भाड्याचं आहे, ज्याच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर आहे, तो त्याच ओसरीवर बसून अजून चहा पितोय, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही, तुम्हाला पण नाही.

1930 चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, हे बंडखोरांचं गाव, असं सगळं या ठिकाणी आणायचा मोह निवेदन लिहिणाऱ्याला होतोच. पण फासावर जाणं आणि ऑफर लेटर परत करणं हे एका तागडीत टाकायचं नसतं, म्हणून ते राहू दे.

गिरण्यांचं मात्र सांगायला पाहिजे. जुनी मिल 1877 ची, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. सगळं गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. काम लई वाईट, कापसाची धूळ छातीत, पण भोंगा सुटायचा पण हो. पाळी सुटली की मुकादम तुमच्या घरी येऊन काम सांगायचा नाही. आणि रविवारची सुट्टी तरी कुठं फुकटात मिळाली? मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं भांडून 10 जून 1890 ला ती पदरात पाडून घेतली. आज सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली आणि पोरगी इंटरव्ह्यूत रविवार मागतीय, तर म्हणे हल्लीच्या पोरांना कामाची सवय नाही.

कोण म्हणतं? मोठमोठी माणसं म्हणतात. 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रह्मण्यन 90 तासांवर गेले, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असं पण बोलले. आणि या दोघांच्या मधल्या काळात, 2024 साली, पुण्यात एका बड्या ऑडिट फर्ममध्ये लागलेली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत गेली, आणि तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखाला कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर फिरलं. सोलापुरात ते पत्र आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मला वाटतं इथल्या बऱ्याच घरांत "पुण्यालाच जा" चा आवाज बारीक झाला तो त्या पत्रानंतर.

(दृश्य: विजापूर रोड, घराची गच्ची, पाण्याची टाकी, कानात हेडफोन लावलेली मुलगी.)

ही इंजिनिअर. पुण्यात होती, ऑफिसच्या टीम्स ॲपवरचा, जागेवर आहे असं दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून जेवताना डाव्या हातानं माउस हलवायची. कोरोनात घरी आली, काम सगळं व्यवस्थित झालं, मग कंपनी म्हणाली आता सगळ्यांनी ऑफिसला या. का? तर कल्चरसाठी. तिनं सोडलं. आता कमी पगारात एका छोट्या कंपनीचं काम घरनं करते. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं हे साऱ्या महाराष्ट्राला माहितीय, तर पाणी आलं की ही ग्रुपवर टाकते, वॉटर हॅज कम, बॅक इन ट्वेंटी मिनिट्स, आणि मोटर लावायला पळते. पहिल्यांदा तिकडच्या मॅनेजरला काही कळलंच नाही. आता तोच विचारतो, टाकी भरली का?

जुन्या ऑफिसात हे चाललं असतं का, विचारलं तर नुसती हसली.

डेलॉइट ही कन्सल्टिंग कंपनी दरवर्षी तरुणांचा सर्व्हे करते. 2025 च्या सर्व्हेत 44 देशांतली 23 हजारांवर माणसं होती, आणि जेन झी म्हणतात त्या वयातल्या फक्त 6 टक्के लोकांनी सांगितलं की मोठ्या पदावर पोचणं हे आपलं मुख्य ध्येय आहे. आमच्या गच्चीवरच्या बाईला आकडा सांगितला, ती म्हणाली सहा पण जास्तच वाटलालेत.

कायदा काय म्हणतो? सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं होतं की कामाचे तास संपल्यावर फोन-मेलला उत्तर न द्यायचा हक्क असावा. डिसेंबर 2025 मध्ये परत मांडलं. पण ते खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं, आणि 1970 नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तेव्हा फार वाट बघू नका. उलट बॉन्डवर सही करताना जपून, विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला.

बरं, घरचे काय म्हणतात? घरच्यांची अडचण एकच, लग्न. मुलाच्या बायोडाटात "पुणे, आयटी, स्वतःचा फ्लॅट" नसलं तर स्थळवाले पुढचा फोन करत नाहीत. एक काकू म्हणाल्या, पोरगं सुखात आहे ते दिसतंय ओ मला, पण सुख कुठल्या रकान्यात लिहू? याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. ज्या मुली स्वतः नोकरीत शनिवार-रविवार मागतात त्यांच्याच घरून नवरा मात्र पॅकेजवाला पाहिजे असतो, हे पण इथं बघितलं, आणि ते कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी तयार नाही.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. लूमचा आवाज, मग शिलाई मशीनचा.)

आणि गावातच राहायचं म्हणजे स्वर्ग, असं पण नाही. चादर, टॉवेल, आणि आता शाळेचे युनिफॉर्म, सोलापूरचा माल सगळीकडं जातो. पण इथला मालक म्हणजे कॉर्पोरेटचा चुलतभाऊ. तिकडं केपीआय, म्हणजे काम मोजायचे आकडे, इकडं "घरच्यासारखं समज". पगार हातावर, लेटर नाही, सणाला उचल मिळते आणि मग त्या उचलीत माणूस अडकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं त्यात लिहिलंय. किती जणांना मिळालं ते या रस्त्यावर एखाद्या चहाच्या गाड्यापाशी उभं राहून विचारा, चहा थंड होईल.

पुण्याच्या एचआरला प्रश्न विचारणं सोपं आहे, ती स्क्रीनवर असते. समोर बसलेल्या, बापाला नावानं ओळखणाऱ्या मालकाला विचारणं अवघड. ते आम्ही शूट करू शकलो, परवानगी घेऊन.

तोच वसुली सोडलेला पोरगा. युनिफॉर्मचा कारखाना, पंचवीस-तीस माणसं, काम टॅली आणि डिस्पॅच बघायचं. मालक चांगला माणूस, चहा सांगितला, आईची चौकशी केली. पगार ठरला. रविवार सुट्टी ठरली, जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा नाही, ते यानं पण मान्य केलं. मग यानं विचारलं,

"लेटर आणि पीएफ?"

"अरे लेटर काय, मी आहे की. आणि पीएफ कापला तर हातात कमी येतील बघ तुझ्या."

"येऊ द्या कमी. वीसच्या वर माणसं असली की लागतोच म्हणं मालक."

"कुणी सांगितलं तुला?"

"वाचलो."

मालकानं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि अकाउंटंटला हाक मारली, "अहो, ते फॉर्म कुठले असतात ते काढा जरा. आणि बाकीच्यांना आत्ताच काय सांगू नका."

मशीनवरच्या तीन बायकांनी तेवढ्यात मान वर केली होती.