खाल्ल्या मिठाचा हिशेब : सामुराई आणि नाइट

नमस्कार श्रोतेहो.

1275 सालचा उन्हाळा. जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटावरच्या हिगो प्रांतातून तिशीच्या उंबरठ्यावरचा एक सामुराई घर सोडून निघाला. त्याचं नाव ताकेझाकी सुएनागा. जमिनीचा दावा निकालात निघालेला नव्हता, हाताशी माणसं नव्हती. वाटखर्चासाठी त्याने घोडे आणि खोगिरं विकली. घोड्यावरून बाण मारणं ही ज्याची विद्या, त्याच्यावर घोडा विकायची पाळी आली होती. दोन महिन्यांहून अधिक वाट तुडवून तो कामाकुराला, शोगुनच्या म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या राजधानीत पोचला.

कशासाठी? आदल्या वर्षी मंगोलांचं आरमार हाकाताच्या किनाऱ्याला लागलं होतं. सुएनागा अवघे चार साथीदार घेऊन शत्रूवर तुटून पडला. घोडा बाणांनी घायाळ झाला, तो स्वतःही जखमी झाला. वेळेवर दुसरी तुकडी आली म्हणून वाचला. आणि लढाईचा अहवाल कामाकुराला गेला तेव्हा त्यात त्याचं नावच नव्हतं.

एकच चाकर सोबत घेऊन आलेल्या या फाटक्या सामुराईला कुणी दारात उभं करेना. शेवटी बक्षिसांचं खातं सांभाळणारे आदाची यासुमोरी यांनी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, शत्रूचं मुंडकं कापून आणलंस का? तुझी माणसं मेली का? दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं. सुएनागा म्हणाला, मी बक्षीस मागायला आलेलो नाही. सर्वांच्या आधी मी घोडा घातला, एवढं शोगुनच्या कानावर घाला. साक्षीदाराला विचारा, आणि खोटं निघालं तर माझं डोकं उडवा.

त्याला एका गावाची जमीन-देखरेखीची सनद मिळाली आणि वर एक घोडा मिळाला. पुढे त्याने ही सगळी हकिकत गुंडाळून ठेवायच्या लांबलचक पटांवर चित्रांत रंगवून घेतली. ते पट आजही जपानमध्ये जपलेले आहेत. त्यात रक्त सांडणारा घोडा आहे, आणि यासुमोरींसमोर बसून आपली बाजू मांडणारा सुएनागाही आहे. मला त्या लढाईच्या चित्राइतकंच हे बसलेलं चित्र मोलाचं वाटतं.

कारण सामुराई म्हटलं की धन्यासाठी काही न मागता मरणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, आणि नाइट म्हटलं की चिलखतातला, अबलांचं रक्षण करणारा वीर. दोघांची तुलना निघाली की गाडी तलवारीवर येते. कुणाचं पातं सरस, कुणाचं चिलखत भारी. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या तलवारीमागच्या पोटापाण्याबद्दल. कोण कुणाचं देणं लागत होता?

शब्दांपासूनच बघा. ‘सामुराई’ हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सेवेत हजर राहणं. आणि इंग्रजी ‘नाइट’ मुळात म्हणजे पोरगा, हरकाम्या चाकर. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी मात्र त्याच माणसाला घोडेस्वार म्हटलं. दोन्हीकडे सुरुवात चाकरीपासून आहे, मान नंतर आला. जपानी लोक या नात्याला दोन शब्द वापरत. ‘गोओन’ म्हणजे धन्याने केलेली कृपा, आणि ‘होको’ म्हणजे चाकराने केलेली सेवा. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला चांगलं कळतं. फक्त मीठ वाढायची जबाबदारी धन्याची होती आणि ते वाढलं नाही तर चाकर हजार किलोमीटर चालत येऊन विचारत असे, हे विसरायचं नाही.

आता युरोपात जाऊ. धन्याचा माणूस होण्याचा विधी तिथे असा होता. माणसाने डोक्यावरचं काढायचं, तलवार सोडून ठेवायची, गुडघे टेकायचे. आपण नमस्काराला जोडतो तसे हात जोडून ते धन्याच्या दोन तळव्यांमध्ये द्यायचे आणि म्हणायचं, मी तुमचा माणूस झालो. धनी त्याला उठवून चुंबन देई. मग बायबलवर किंवा संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ. इथे देव साक्षीला असे आणि अटीही ठरलेल्या असत. जमिनीच्या बदल्यात वर्षाचे साधारण चाळीस दिवस स्वखर्चाने लढायचं, हा अनेक ठिकाणचा रिवाज. आणि धन्याने शब्द मोडला तर त्याला तसं बजावून निष्ठा परत घेण्याची वाटही होती.

ही वाट कुठवर गेली, ते इंग्लंडमध्ये दिसतं. 1215 साली जॉन राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा लिहून घेतला. त्याच्या 61व्या कलमात पंचवीस सरदारांना हक्क दिला होता, की राजा चुकला तर त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करा. कामाकुरातही 1232 साली 51 कलमांचा कायदा झाला होता. सामुराईंचे जमिनीचे दावे त्यावर चालत, पुरावे तपासले जात, बायकांनाही जमिनीचा वारसा मिळे. पण खुद्द शोगुन चुकला तर काय, याचं कलम त्यात नव्हतं. माझ्या मते या दोन समाजांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. गाऱ्हाणं सुएनागाही घालू शकत होता. धन्याला कायद्याने धरायचं, ही सोय मात्र त्याच्याजवळ नव्हती.

जॉन राजाच्याच दरबारातला विल्यम मार्शल हा माझ्या मते सुएनागाच्या शेजारी बसवण्याजोगा माणूस. लहान सरदाराचा धाकटा मुलगा, म्हणजे वाट्याला जमीन नाही. पाच-सहा वर्षांचा असताना बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. पोराला फाशी देतो म्हटल्यावर बाप म्हणाला, माझ्याजवळ हातोडा आहे, ऐरण आहे, याहून चांगली पोरं घडवीन. राजाला पोराची दया आली. तो पोरगा वाढला आणि सामन्यांच्या मैदानात उतरला. हे सामने म्हणजे खोट्या लढाया, पण जिंकलेले घोडे आणि धरलेली माणसं खरी. एका जोडीदाराबरोबर त्याने दहा महिन्यांत 103 नाइट पकडले आणि सोडवणुकीचे पैसे वसूल केले.

यासुमोरींचा प्रश्न आठवतो? मुंडकं आणलंस का? जपानमध्ये कापलेलं मुंडकं हा पराक्रमाचा दाखला. ते धुऊन, केस विंचरून, नाव लिहून सेनापतीपुढे मांडलं जाई. त्यावरून जमीन मिळे. युरोपात शत्रू जिवंत धरला तर त्याचं घर पैसे मोजे, म्हणून मेलेला नाइट तोट्याचा. इंग्लंडचा राजा रिचर्ड धरला गेला तेव्हा त्याच्या सुटकेसाठी 1,50,000 मार्क मागितले गेले. लोक म्हणतात, जपानी क्रूर आणि युरोपीय उदार. मला ते पटत नाही. बक्षीस कशावर मिळतं, तसं माणूस लढतो. शरण जाण्यापेक्षा पोट फाडून घेणारा सामुराईसुद्धा, पकडलेल्या शत्रूला जिवंत ठेवून काही मिळत नाही अशाच जगात वाढलेला होता.

आणखी एक. 1204 साली नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने जिंकली. मार्शलच्या जमिनी दोन्हीकडे होत्या. त्याने नॉर्मंडीतल्या जमिनीसाठी फ्रान्सच्या राजापुढेही हात जोडले. जॉन संतापला, पण मार्शलच्या दोन्ही जमिनी टिकल्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपण म्हणतो. युरोपात एका माणसाला दोन धनी असणं अगदी रोजचं होतं.

जपानमधले सामुराई तरी एकनिष्ठ होते का? 1582 साली ओदा नोबुनागा, तेव्हाचा जपानमधला सगळ्यात बलाढ्य सत्ताधीश, आपल्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या हल्ल्यात मेला. 1600 साली सेकिगाहाराच्या लढाईचा निकाल फिरला तो कोबायाकावा हिदेआकी ऐन रणात फिरल्यामुळे. आणि सुएनागाच्या काळात मंगोल हटले खरे, पण बचावाच्या युद्धात नवी जमीन हाती येत नाही. लढलेल्यांना द्यायचं काय? असंतोष साचत गेला आणि 1333 साली कामाकुराची सत्ता कोसळली. धन्याची झोळी रिकामी झाली की निष्ठाही आटते, मग देश कोणताही असो.

आपण या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणतो. हा शब्द आपल्याच इतिहासातला. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल. वतन म्हणजे पिढीजात. वतनासाठी माणसं काय काय करत, हे मराठी माणसाला सांगायला नको. हा फरक मनात ठेवलात तर जपानमधला पुढचा बदल चटकन कळेल. 1588 साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. सामुराईंना गावातून उठवून किल्ल्याखालच्या शहरांत आणलं गेलं. जमिनीशी नातं तुटलं आणि पगार तांदळात आला, कोकूच्या मापाने. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. वतनदार होता तो पगारी कारकून झाला.

याच सुमारास सामुराई आणि नाइट यांची खरोखरची गाठ पडली, आणि ती वाट आपल्या गोव्यावरून गेली. 1582 साली नागासाकीहून चार किशोर युरोपला निघाले. क्यूशूतल्या ख्रिस्ती झालेल्या सरदारांचे दूत म्हणून त्यांना पाठवलं होतं. सामुराई घराण्यांतली ही मुलं. त्यांतल्या इतो मान्सियोच्या घराण्याने राज्य गमावलेलं होतं. 1585 साली रोममध्ये त्यांची मिरवणूक निघाली आणि मान्सियोला ‘सोनेरी टाचेचा नाइट’ हा किताब मिळाला. टाच म्हणजे घोड्याला मारायची. परतताना 1587 साली हारा मार्तिनोने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापलं गेलं. मराठीवर जीव जडलेले फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा साष्टीत होते. मान्सियोला मिळालेल्या टाचेबरोबर ना जमीन आली, ना चाळीस दिवसांची चाकरी. युरोपात पगारी फौजा आणि तोफा आल्या होत्या, नाइट हा मान उरला होता. सामुराई घरातला पोरगा नाइट झाला तो अशा वेळी. पुढे तो पाद्री झाला आणि 1612 साली नागासाकीत वारला.

त्यानंतर जपानमध्ये अडीचशे वर्षं शांतता होती. शंभरातली पाच-सात माणसं सामुराई, कमरेला दोन तलवारी, आणि लढाई नाही. खालच्या दर्जाचे कित्येक जण घरी बसून कागदी छत्र्या बांधत आणि त्यावर चूल पेटवत. निष्ठेचे आणि मरणाचे मोठमोठे धडे लिहिले गेले ते या दिवसांत. 1876 साली तलवार बाळगायला बंदी आली, तांदळाचा पगारही बंद होऊन हातात सरकारी रोखे पडले. जगाने बुशिदो, म्हणजे सामुराईचा आचारधर्म, हा शब्द ऐकला तो मुख्यतः इनाझो नितोबे यांच्या 1900 सालच्या पुस्तकातून, आणि ते इंग्रजीत लिहिलेलं होतं. नितोबे स्वतः सामुराई घराण्यातले, त्यांच्या मनात आदर होता आणि तो खरा होता. पण त्या सुंदर चित्रात चाकराचं कर्तव्य ठळक झालं आणि धन्याचं देणं फिकं पडलं. नाइटांच्या बाबतीतही एकोणिसाव्या शतकातल्या कथा-कवितांनी तेच केलं. म्हणून मला सुएनागाचं ते बसलेलं चित्र परत परत बघावंसं वाटतं.

आणि मार्शलचा शेवट. जमीन नसलेला तो पोरगा पेम्ब्रोकचा अर्ल झाला होता, लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने राज्य चालवत होता, सत्तरीत लिंकनच्या लढाईत उतरला होता. 1219 सालच्या मे महिन्यात तो अंथरुणाला खिळला. घरात फरचे उंची झगे भरून ठेवलेले होते. एक कारकून म्हणाला, हे विकून टाका, तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी पैसा उपयोगी पडेल. मार्शल त्याच्यावर खवळला. पेंटेकोस्टचा सण तोंडावर आलाय, म्हणाला, या दिवशी माझ्या नाइटांना वस्त्रं मिळायला हवीत, आणि यापुढे मी ती देऊ शकणार नाही. त्याने ते झगे वाटून टाकायला सांगितले. एकालाही कमी पडू नये, कमी पडले तर लंडनहून आणवा, असं बजावलं.

सणाला बारा दिवस होते तेव्हा तो गेला.

नमस्कार.