मडगार्डाआधी आतला पत्रा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागात अजूनही कुणाच्या कोठ्यात अँबेसेडर उभी असते, कुणाच्या अंगणात टिनाखाली पद्मिनी. इंजिन सुरू होतं, पण डिक्कीचा कोपरा दाबला की पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. हा मागचा पत्रा बदलायचा कसा, ते आज सांगतो.

आधी तो का सडतो ते समजून घ्या. पांदणीतली काळी माती मागच्या चाकाने उडते आणि मडगार्डाच्या आतल्या कडेला चिकटून बसते. पाऊस थांबला तरी ती कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. डिक्कीचं रबर मे महिन्याच्या उन्हात कडक होऊन तडकतं आणि मृगाचं पाणी सरळ चटईखाली जातं. त्यात डिक्कीतून खताची पोती नेलेली असतील तर विचारूच नका. पोटॅशमधलं क्लोराइड ओल्या पत्र्याला झपाट्याने खातं. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढी जागा गेलेली असते.

म्हणून पेचकस घ्या आणि आतून टोचत जा. व्हील आर्च म्हणजे चाकावरची कमान, डिक्कीचा तळ, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे शॅकलची जागा, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचं मागचं टोक जिथे बॉडीला अडकवलेलं असतं ती. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. शॅकलची जागा सडली असेल तर नवं मडगार्ड लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला रंग देणं. बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे जुनी पुट्टी जाड भरलेली आहे.

कापण्याआधी बॅटरीची तार काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेऊन ठेवा. टाकी मागेच असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आतली वाफ ठिणगीने भडकते. मागची सीट, काच, दिवे, वायरिंग, सगळं बाहेर.

गाडी सपाट जागेवर चार स्टँडवर घ्या. मागचे स्टँड अ‍ॅक्सलखाली, म्हणजे भार पाट्यांवरच राहतो. दारं लावून फटी बघा. मग दाराच्या चौकटीत आणि डिक्कीच्या तोंडाला २५ मिमीचा चौकोनी पाइप वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरून आधार द्या. डिक्कीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजून आतल्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवा. दोन्ही बाजू एकदम कधीही उघडू नका. एक बाजू पूर्ण बसेपर्यंत दुसरीला हात नाही. हा नियम मोडला की मग डिक्कीचं झाकण एका कोपऱ्यात घासतं, आणि ते नंतर कुणालाच नीट करता येत नाही.

मडगार्ड आधी जोडापासून बोटभर अंतर सोडून कापा. उरलेल्या पट्टीतले स्पॉट, म्हणजे कंपनीतल्या वेल्डिंगचे गोल ठिपके, ८ मिमीच्या स्पॉट कटरने वरच्या थरापुरतेच उघडा, खालच्या थराला भोक पाडू नका. गंजलेल्यावर नवं ठिगळ चढवू नका. दोन थरांत पाणी अडकतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा.

तयार पॅनल मिळत नसेल तर पुठ्ठ्याचा नमुना काढून २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरा. छपराचा जस्ती पत्रा नको. तो वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शॅकलच्या जागेला मात्र मूळ जाडीचाच पत्रा हवा, २० गेज तिथे टिकणार नाही. आतला पत्रा आधी पूर्ण करायचा, मग बाहेरचा.

नवं मडगार्ड क्लॅम्प आणि स्क्रूवर बसवा. डिक्कीचं झाकण, दिवा, बंपर लावून पाहा. दोन्ही बाजूंची फट सारखी आली, कर्ण जुळले, तरच वेल्डिंग.

साध्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा जळून भोक पडतं. त्यामुळे सीओटू वेल्डिंग, म्हणजे सीओटू गॅसच्या आवरणात तार वितळवून होणारं, ०.८ मिमी तार. कडेच्या जोडाला ६ मिमीची भोकं दर ३०-४० मिमीवर पाडून ती भरा. त्याआधी दोन्ही पृष्ठांना जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावा. उघड्या सपाट भागात जोड शक्यतो टाळा, वळणाजवळ घ्या. तिथे पत्रा ताठ असतो. वेल्डचा एक ठिपका इथे, दुसरा हातभर लांब, मग मधला. सलग रेघ ओढली तर तापलेला पत्रा फुगतो, जागा नसल्याने दाबला जातो आणि थंड होताना आक्रसून लाटा सोडतो. शेतातले पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं. तेव्हा ठिपका वरून गोल, सुबक दिसतो, पण आत धरलेला नसतो. म्हणून आधी भंगार पत्र्यावर दोन तुकडे जोडून ओढून पाहा. ठिपक्यासकट पत्रा फाटला तर वेल्ड पक्का.

घासताना ८० नंबरची फ्लॅप डिस्क वापरा. पत्रा निळा पडला की थांबा.

पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी तांबूस झालेला असतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी त्यावर, २-३ मिमीपेक्षा जास्त नाही, कारण पुट्टी पाणी शोषते. प्रत्येक जोडाला सीलर, पोकळीत कॅव्हिटी वॅक्स म्हणजे गंज रोखणारं मेण, चाकाच्या बाजूने अंडरकोटिंग. खालची पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवा. बऱ्याच ठिकाणी अंडरकोटिंगनेच ती बुजतात.

शेवटी डिक्कीला नवं रबर बसवा, झाकण लावा, एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा आणि वरून बादलीभर पाणी ओता. थेंब कुठून येतो ते आतल्याला दिसेल. चटई त्यानंतरच टाका.