जुन्या बॅकहोचा पंप काढण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. शेततळी, विहिरींचे गाळ, पाईपलाईनचे चर... सोलापूर जिल्ह्यात या कामांसाठी जुनी बॅकहो लोडर, म्हणजे मागे खोदायचा हात आणि पुढे लोडर असलेली मशीन, घेणारे पुष्कळ आहेत. घेतल्यावर थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, "मशीनला दम नाही." लगेच सल्लाही मिळतो, हायड्रॉलिक पंप बदला, म्हणजे तेल ढकलून मशीनचे हात हलवणारा पंप. पंप हा महागडा भाग आणि दोष कितीतरी वेळा भलतीकडेच असतो. तेव्हा आज पंपाला पाना लावण्याआधी काय तपासायचं, तेवढंच बोलू.

दम नाही म्हणजे नक्की काय, हे आधी ऑपरेटरला विचारा. हालचाल संथ होते, की बकेट मुरमात रुतली की ओढतच नाही? वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो आणि ताकद दाबावर. संथ आहे पण ताकद पूर्ण आहे, तर तेल कमी पोचतंय. रिकामी भराभर फिरते पण कठीण मुरूम लागला की अडते, तर दाब तयार होत नाही किंवा वाटेत कुठेतरी सुटतोय. दुसरा प्रश्न, त्रास सगळीकडे आहे की एकाच हालचालीत? फक्त डिपर (मागच्या हाताचा बकेटकडचा भाग) कमजोर असेल आणि बूम (त्याच हाताचा मशीनकडचा भाग), बकेट, पुढचा लोडर ठणठणीत असेल, तर पंपाला हात लावू नका.

आता इंजिनाचा आवाज ऐका. पूर्ण रेसवर बकेट शेवटपर्यंत वळवून लिव्हर दोन-तीन सेकंद तसाच धरा. आवाज थोडा दबून स्थिर राहिला तर ठीक. इंजिन बंद पडायला आलं तर आधी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर चोंदलेला सापडणं नवं नाही. आणि इंजिनाला भार जाणवतच नसेल, तर तेल कमी दाबावरच परत टाकीत पळतंय.

मग हायड्रॉलिक तेलाची टाकी. मशीन सपाट जागेवर, बूम दुमडलेली, लोडर जमिनीवर, अशा मॅन्युअलमधल्या स्थितीत लेव्हल बघा. सिलिंडर बाहेर असताना बघितलेली लेव्हल फसवी असते. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. गरम तव्यावर थेंब टाकला की चुरचुरतो. फेस असेल आणि पंप कुईं आवाज करत असेल, तर सक्शनकडून, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल येतं त्या बाजूने, हवा ओढली जातेय. सक्शन होजच्या क्लिपांवर, जोडांवर ग्रीस थापा. आवाज बदलला की जागा सापडली. कधी होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतलं अस्तर सुटून चोखला जातो. थंड तेलात त्रास जास्त आणि तापल्यावर कमी, ही त्याची खूण. टाकीतली जाळी चोंदली तरी असंच होतं.

एक फुकटची तपासणी. काम चालू असताना मशीन थांबवा आणि टाकीचं झाकण हळूच सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि नंतर मशीन सुधारली, तर ब्रीदर (टाकीत हवा येण्याची वाट) बंद आहे. दहा मिनिटांचं काम, आणि याच्यासाठी पंप खोलले गेलेत.

तेल कमी होतंय पण बाहेर थेंब दिसत नाही, असं असेल तर गिअरबॉक्सची लेव्हल बघा. पंप गिअरबॉक्सवर बसवलेला असेल आणि त्याच्या शाफ्टचं सील गेलं असेल, तर तेल तिकडे जातं.

एवढं करून दोष सापडला नाही तर दाब मोजायचं गेज. ० ते ४०० बारचं, ग्लिसरीन भरलेलं. तेल ५० अंशांच्या आसपास तापू द्या, टेस्ट पॉइंटवर (दाब मोजायला ठेवलेल्या जोडावर) गेज लावा, एक हालचाल शेवटपर्यंत नेऊन धरा. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, तेल भाजतं. बहुतेक बॅकहोंचा दाब २०० ते २५० बारच्या टप्प्यात असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. आता खरी गंमत. हेच रीडिंग कमी रेसवर आणि पूर्ण रेसवर घ्या. दोन्हीकडे दाब सारखाच कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, लवकर उघडतोय: सीटखाली कचरा, तुटलेली स्प्रिंग, कापलेली ओ-रिंग. तो खोला, धुवा, गेज बघत पाव-पाव फेऱ्याने सेट करा. कमी रेसवर दाब फारच खाली आणि रेस वाढवली की चढतो, तर तेल आतल्या आत निसटतंय आणि संशय पंपाकडे जातो. गेजशिवाय रिलीफचा स्क्रू आवळणाऱ्या फिटरला मशीनजवळ उभं करू नये. दोन दिवस ताकद वाढल्यासारखी वाटते, मग होज फुटतात.

संथ मशीनचा प्रवाह घड्याळानेही मोजता येतो. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि रॉडची चाल ८० सेंटिमीटर असेल, तर रॉड पूर्ण बाहेर यायला साधारण ६.३ लिटर तेल लागतं. सहा सेकंद लागले तर मिनिटाला ६३ लिटर. नऊ लागले तर ४२. तेल तापल्यावर, पूर्ण रेसवर, एकच लिव्हर वापरून मोजा. थंड असतानाचा आणि तासभर कामानंतरचा आकडा वहीत लिहा. फरक मोठा असेल तर झीज आहे.

आता एकाच हालचालीचा दोष. पुढच्या लोडरचे हात उभे ठेवले की बसतात, म्हणून लगेच सील किट बदलतात. पण भार रॉडला आत ढकलत असताना फक्त पिस्टनचं सील गेलं असेल, तर हात फार खाली येत नाहीत. आत येणाऱ्या रॉडला जागा व्हायला तेल बाहेर जावंच लागतं. ते बहुधा कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरने सरकणाऱ्या दांडीच्या फटीतून) किंवा त्या हालचालीच्या छोट्या रिलीफमधून जातं. सील तपासायचं तर, उदाहरणार्थ, मागची बकेट पूर्ण आत वळवा म्हणजे सिलिंडर पूर्ण बाहेर येतो. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब सोडा. रॉडकडचा होज काढा, होजला प्लग मारा. सिलिंडरच्या उघड्या तोंडाला तुकडा होज लावून डब्यात सोडा, सगळ्यांना लांब करा आणि लिव्हर त्याच दिशेने दाबा. आधीचं साचलेलं तेल सांडेल ते सोडा. नंतरही धार चालू राहिली तर पिस्टनचं सील गेलं. बारीक गळती कधीही हाताने शोधू नका, पुठ्ठा धरा. एवढ्या दाबाचं तेल कातडी भेदून आत जातं; तसं झालं तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना.

विकत घेताना सकाळच्या थंड मशीनवर सौदा करू नका. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तासभर खोदून बघा, तेव्हा खरं कळतं. झिजलेला पंप झाकायला ४६ ऐवजी ६८ ग्रेडचं घट्ट तेल भरलेलं असू शकतं. नवंकोरं तेल दिसलं तर कधी आणि कोणतं बदललं ते विचारा. साखर कारखान्याच्या आवारात राबलेल्या मशीनचा ऑईल कूलर पाचटाने भरलेला असतो. तो उलट बाजूने हवा मारून साफ करा आणि मगच चाचणी घ्या.

रिटर्न फिल्टर कापून बघा. पितळी किंवा ॲल्युमिनियमची चमक म्हणजे पंप, काळं रबर म्हणजे सील किंवा होज. पंप खरंच गेला असेल तर टाकी, कूलर, लाईन धुतल्याशिवाय नवा बसवू नका, जुन्याचा चुरा नव्याला खातो. बसवताना पंपात तेल भरून घ्या, पहिली दहा मिनिटं कमी रेसवर, बिनभाराने चालवा. ५० तासांनी फिल्टर पुन्हा बदला. नमस्कार.