आधी शेक, मग दोन फेऱ्या

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरातल्या पुरुषांनो, तुम्हीसुद्धा उठून जाऊ नका. तुमच्या घरातही लेक आहे, बहीण आहे.

पाळीत ओटीपोट दुखतं, कारण गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. त्यानं गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि कळ येते. ज्यांच्या अंगात ते जास्त, त्यांना कळा जास्त. म्हणजे दुखणं खरं असतं. पुन्हा सांगते, खरं असतं. ‘नाटकं करते’ असं कुणी म्हणू नये.

तालुक्यातल्या एका शाळेत मी आरोग्य तपासणीला जायची. तिथं नववीतली एक मुलगी खो-खो फार सुंदर खेळायची. सामन्याच्या दिवशी सकाळीच तिला पाळी आली. पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसलेली, चेहरा घामानं डबडबलेला. बाईंनी यादीतून तिचं नाव खोडायला पेन काढलं, तेवढ्यात डबा द्यायला तिची आजी आली. खुरपणीला निघालेली, हातात खुरपं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नाव राहू द्या बाई. तासाभरानं तिलाच इचारा.”

मग आजी शाळेच्या स्वयंपाकघरात शिरली. तव्यावर जाडं मीठ तापवलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली आणि मग नातीच्या ओटीपोटावर ठेवली, कपड्यावरूनच. शेकता शेकता डब्यातली भाकरी-भाजी खायला लावली. पोटात अन्न गेल्यावर, आधी कधी अशा गोळीनं त्रास झाला नव्हता ना हे विचारून, मी वेदनेची गोळी दिली. थोड्या वेळानं आजीनं नातीचा हात धरला आणि मैदानाला फेऱ्या सुरू केल्या. पळवलं नाही हं, चालवलं. पहिल्या फेरीत पोरगी कमरेत वाकलेली. पुढच्या फेरीत मान वर आली. नंतर तर समोरच्या संघातली कोण कुठून चकवते, हे ती आजीला सांगत होती!

बाईंनी विचारलं, “खेळतेस?” ती म्हणाली, “पहिल्या डावाला बसते, दुसऱ्याला उतरते.” आणि उतरली. सामना शाळेनं गमावला, पण संरक्षणाला ती आत असताना वेळ संपली तरी तिला कुणी बाद करू शकलं नाही. आजी तोवर खुरपणीला गेली होती.

मला आजीचं सगळ्यात पटलं ते ‘तिलाच इचारा’. कुणाला चालून बरं वाटतं, कुणाला पडून राहावंसं वाटतं. जबरदस्ती दोन्हीकडून नको. पण एरवी आठवडाभर अंग हलतं राहिलं, तर पाळीतल्या कळा पुष्कळ जणींना कमी होतात. म्हणून मला राग येतो तो मुलींचा खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांचा. शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुली दिवसभर घोटभर पाणीही पीत नाहीत, त्याचाही.

गोळीचं परत सांगते. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी कळ आणणारं ते प्रोस्टाग्लँडिनच कमी करते, म्हणून कळा सुरू होताच घ्यावी, अगदी असह्य होईपर्यंत थांबू नये. काही खाऊनच घ्यावी. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, वर्षागणिक दुखणं वाढत असेल, तर शेकत बसू नका. गर्भाशयात गाठी किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो, सोनोग्राफीसह तपासणी करून घ्या. आणि कुणी लगेच ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर थांबा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या इतक्या पिशव्या काढल्या गेल्या, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गोळ्या-औषधांनी भागतंय का ते आधी विचारा, आणि ऑपरेशनला हो म्हणण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, ते सरकारी रुग्णालयातले असले तरी चालेल.