चित्राखालचा रकाना

(माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींच्या चित्रप्रदर्शनात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

आज मी तासभर आधीच आलो आणि बाहेरच्या भिंतींवरचं प्रत्येक चित्र थांबून पाहिलं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची ही चित्रं. प्रत्येकाखाली एक कार्ड आहे. नाव, इयत्ता, माध्यम आणि शेवटी एक रकाना, ‘प्रेरणा’. बहुतेकांनी तिथे काही ना काही लिहिलंय. एका कार्डावर मात्र तो रकाना कोरा आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी भरलेल्या कार्डांबद्दल. ‘निसर्गाचं सौंदर्य’, ‘माझी कल्पनाशक्ती’, ‘जीवनातील संघर्ष’. एका चित्रात बर्फाचे डोंगर आहेत, खाली निळं तळं आणि तळ्यात चंद्र. कार्डावर अर्थातच निसर्ग. चित्र काढणारा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला विचारलं, “हे तळं कुठे पाहिलंस?” तो सहज म्हणाला, “लॅपटॉपच्या वॉलपेपरवर.” मग कार्डावर तसं का नाही लिहिलं? “तसं लिहिलं तर बरं दिसत नाही ना सर.”

प्रेरणा या शब्दाचं मुलांवर दडपण येतं. मोठ्या माणसांना काहीतरी भारदस्त ऐकायचंय, एवढं त्यांना बरोबर कळतं आणि ती तसं लिहून देतात. म्हणून वर्गात मी तो शब्द वापरायचं सोडून दिलं. मी दोनच गोष्टी विचारतो. सुरुवात कुठून केलीस? आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला? पहिल्या प्रश्नातून चित्र कुठून आलं ते कळतं. दुसऱ्यातून त्या मुलाचं मन कुठे अडकलं होतं ते कळतं. ही दोन्ही उत्तरं क्वचितच एक निघतात. त्या तळ्याच्या मुलाचंच सांगतो. सुरुवात वॉलपेपरपासून, पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाण्यातल्या चंद्राला. वॉलपेपरमधलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. याने त्यावर वारा सोडला होता, चंद्राचे तुकडे केले होते. असं का, हे त्याला सांगता येईना. मलाही त्याने सांगायलाच हवं असं वाटलं नाही. पण माझ्या दृष्टीने त्याचं चित्र तिथे सुरू झालं.

आता डोळ्यांकडे येऊ. बाहेर नुसत्या एका डोळ्याची किती चित्रं आहेत, पाहिलंत? या वयाच्या मुलांच्या कुठल्याही वहीत तो डोळा सापडतो. लांब पापण्या, बाहुलीत खिडकीची चमक, कधी ओघळणारा थेंब. पालक घाबरून विचारतात, हिला काही दुःख आहे का? दुःख असेलही. पण आधी चित्राच्या बाजूने विचार करा. एका डोळ्यात सगळं येतं: गोलाई, काळ्याभोर गडद छटा, कोरा सोडलेला चमकीचा ठिपका, केसासारख्या बारीक रेषा. पेन्सिलचे सगळे गुण एका मुठीएवढ्या जागेत दाखवता येतात. आणि दुसरा डोळा काढायला घेतला की पहिल्याशी जुळवायची पंचाईत होते. म्हणून तर कित्येक चेहऱ्यांवर अर्ध्या बाजूला केस आलेले असतात, हात पाठीमागे किंवा खिशात असतात. बोटं अवघड असतात. जे जमत नाही ते मुलं झाकतात आणि जे जमतं ते पुन्हा पुन्हा काढतात. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो तिच्यात या जमण्याच्या आनंदाचा वाटा फार मोठा आहे, आणि कार्डावर तो कधीच लिहिला जात नाही.

मोठ्या, पाणीदार डोळ्यांच्या मांगा शैलीतल्या मुली बाहेर बऱ्याच आहेत. हे सगळं जपानी कॉमिक्सवरून उचललेलं, अशी तक्रार शिक्षक करतात. पण ते डोळे तिथे कुठून आले? ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराचा त्यात मोठा हात आहे. त्याचा जन्म १९२८चा. लहानपणी घरच्या प्रोजेक्टरवर त्याने अमेरिकन कार्टून मनसोक्त पाहिली. तिथले टपोरे डोळे त्याच्या चित्रकथांत उतरले, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी कॉमिक्समध्ये ते पसरले आणि तिथून जगभरच्या मुलांच्या वह्यांत आले. तुमची विद्यार्थिनी त्या साखळीतली आजची कडी आहे. तिने तो डोळा घेतला याचं मला काही वाटत नाही. घेऊन ती त्याचं काय करते, ते मी पाहतो.

नकलेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. १९७७ मध्ये ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या अमेरिकन कलाशिक्षण अभ्यासकांनी एक लेख प्रसिद्ध केला. मुलांनी आपल्या मनाने काढलेली चित्रं समोर ठेवून त्यांनी एकेका आकृतीबद्दल विचारपूस केली होती: ही कुठून आली, ती कुठून आली. जवळजवळ प्रत्येक आकृतीचा माग कुठल्या ना कुठल्या आधीच्या चित्रापर्यंत लागला. कॉमिक्स, टीव्ही, मोठ्या भावाने काढून दाखवलेलं काहीतरी. मुलाला त्याच्या त्याच्यावर सोडलं की आतून आपोआप अस्सल चित्र उमलतं, असं मानणाऱ्यांना हे ऐकणं जड गेलं असेल. मला मात्र ते वाचून सुटल्यासारखं वाटलं होतं. का, ते सांगतो.

मी चौदा वर्षांचा असताना मासिकातल्या एका छायाचित्रावरून बंदराचं चित्र काढलं होतं. आमच्या शिक्षकांनी त्यावर लाल शाईने आडवं लिहिलं, ‘नक्कल’. बाकी वर्गासमोर काही बोलले नाहीत, मारलं नाही. पण त्या छायाचित्रात लख्ख ऊन होतं आणि माझ्या चित्रात पाऊस होता. तो पाऊस माझा होता. त्यासाठी मी चार दिवस ओल्या दगडावर उजेड कसा पडतो ते बघत हिंडलो होतो. ते कुणाला दिसलंच नाही. पुढे दोन वर्षं मी चित्र काढलं नाही.

आता पंधराव्या शतकातला एक मुलगा घ्या. बारा-तेरा वर्षांचा मायकेलएंजेलो. मार्टिन शोंगाउअर या जर्मन कलावंताचं एक मुद्राचित्र, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, त्याच्या हाती आलं. संत अँथनीला हवेत ओढून छळणारे राक्षस त्यात आहेत. मुलाने ते रंगात उतरवलं. सरळसरळ नक्कल. पण त्याचा समकालीन चरित्रकार कोंदिवी सांगतो की राक्षसांच्या अंगासाठी हा मुलगा मासळीबाजारात गेला आणि माशांचे पर कसे असतात, डोळ्यांचा रंग कसा असतो ते बघून आला. अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आज एक छोटं फळीवरचं चित्र आहे. तेच ते चित्र, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यात मूळ मुद्राचित्रात नसलेले चकाकते खवले आहेत आणि खाली नवा निसर्गदेखावाही आहे. या चित्राची प्रेरणा काय लिहायची? शोंगाउअर की मासळीबाजार? मला विचाराल तर पहिल्याने त्याला टेबलाशी बसवलं आणि दुसऱ्याने टेबलावरून उठवलं.

मुलं दुसऱ्याच्या चित्रावरून का काढतात, यामागे आळसापेक्षा वेगळंच कारण असतं. तुम्ही नाक काढून पाहा. चेहऱ्यावर नाकाची रेषा नसतेच. एक उंचवटा असतो, एका बाजूला सावली आणि खाली दोन अंधारे ठिपके. यातलं कागदावर काय ओढायचं? चेहरा कितीही न्याहाळला तरी हे उत्तर चेहरा देत नाही. आधी ज्याने नाक काढलंय तो देतो. कार्टून काढणारा दोन फटकाऱ्यांत नाक उभं करतो, मुलगा ते दोन फटकारे उचलतो. बोलायला शिकतानाही आपण शब्द उसनेच घेतले होते.

आणि हे नेमकं या वयात तीव्र होतं. लहान मुलाला जे माहीत आहे ते तो काढतो, टेबलाचे चारही पाय दाखवतो. जॉर्ज-आँरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच हे नीट मांडलं होतं. पुढे पुढे मुलाला जसं दिसतं तसं काढायची ओढ लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी नजर हाताच्या कितीतरी पुढे गेलेली असते. आपलं चित्र चुकलंय हे कळतं, कुठे चुकलंय ते कळत नाही. साधी गोष्ट बघा: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण नवशिकी मुलं ते हमखास वर चढवतात, कारण कपाळ आणि केसांकडे लक्षच जात नाही. चेहरा विचित्र दिसतो आणि मूल म्हणतं, मला चित्रकला येत नाही. त्या क्षणी पेन्सिल उलटी धरून मध्य मोजून दाखवणारं कुणी भेटलं तर ते मूल वाचतं. बरीचशी मुलं याच वळणावर चित्रकला सोडतात आणि मग आयुष्यभर तेरा वर्षांच्या मुलासारखी माणसं काढतात.

मोबाईलबद्दल थोडक्यात. फोटोवरून काढू नका असं मी म्हणत नाही. पण सेल्फी फार जवळून काढलेली असते, त्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे पळतात. मूल ते फुगलेलं नाक इमानेइतबारे उतरवतं आणि आपलाच चेहरा बेढब आहे असं मानून बसतं. स्वतःचं चित्र काढायचं तर एकदा तरी आरशात बघून काढा. १४८४ मध्ये तेरा वर्षांच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने आरशासमोर बसून स्वतःला काढलं. ते चित्र आज व्हिएन्नाच्या आल्बेर्तिना संग्रहालयात आहे. माध्यम होतं चांदीची टोकदार काडी. तयार केलेल्या कागदावर तिची रेघ उठली की पुसता येत नाही. पोरगेलं तोंड, एक लांबट बोट कुठेतरी रोखलेलं. सोनारकाम करणाऱ्या बापाच्या घरात ही काडी त्याला हाताशी मिळाली असणार, असं मला नेहमी वाटतं. हाताशी असलेली वस्तू हीदेखील प्रेरणा असते. बाहेरची निळ्या बॉलपेनातली चित्रं पाहा. गणिताच्या तासाला दुसरं हातात काय असणार?

काळोख्या चित्रांचं काय, हा प्रश्न मला येणार हे माहीत आहे. साखळदंड, टोपीखाली चेहरा लपवलेला माणूस, काळे पंख. एका चित्रावरून कुणाच्या मनाचं निदान करता येत नाही आणि ते आपण करूही नये. ही प्रतिमाही मुलं बहुधा एकमेकांकडूनच शिकतात. पण तेच चित्र आठवड्यांमागून आठवडे येत राहिलं, मूल गप्प गप्प झालं, स्वतःला इजा करण्याचं काही बोललं किंवा लिहिलं, तर तिथे चित्रकलेचा शिक्षक पुरत नाही. त्याच दिवशी समुपदेशकाशी बोला. आणि मुलाशी बोलताना चित्र हातात घेऊन जाब विचारू नका. शेजारी बसा.

एक मुलगी माझ्याकडे तीन वर्षं होती. ती एकाच खेळातली एकच योद्धा बाई काढायची. चिलखत, तलवार, उडते केस. पहिल्या वर्षी हुबेहूब. मी मधूनमधून विचारायचो, आज जास्त वेळ कुठे गेला? केसांना. तलवारीला. दुसऱ्या वर्षी एकदा म्हणाली, बुटांना. मी पाहिलं तर योद्ध्याच्या पायात उंच टाचांच्या बुटांऐवजी जाड तळव्याचे, नाडीचे, एका बाजूने झिजलेले बूट होते. तिची आई दिवसभर उभं राहून काम करायची आणि संध्याकाळी दारात काढून ठेवलेले तिचे बूट असेच झिजलेले दिसायचे. “त्या टाचांवर लढता येणार नाही,” एवढंच ती म्हणाली. नंतर तिने नुसते बूट काढले, कितीतरी वेळा. कार्डावर मात्र शेवटपर्यंत त्या खेळाचंच नाव लिहीत राहिली. ते बरोबरच होतं. व्हॅन गॉगनेही आयुष्याच्या शेवटच्या काळात मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून सुमारे वीस चित्रं केली. समोर काळ्या-पांढऱ्या छापील प्रती, रंग सगळे स्वतःचे. आणि तरी ती मिलेवरूनच आहेत, हे त्याने कधी लपवलं नाही. मुलांनाही एवढंच शिकवावं: ज्याच्यावरून घेतलं त्याचं नाव लिहा आणि नाव लिहायची लाज बाळगू नका.

आता ते कोरं कार्ड. दाराच्या उजव्या हाताला, सगळ्यात खाली लावलंय, वाकून पाहावं लागतं. एक खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टाकलेलं जॅकेट आणि जमिनीवर लोंबणारी चार्जरची वायर. एवढंच. पण ती वायर अशी काढली आहे की तिचा पीळ बोटांना जाणवतो. काढणारा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. मी विचारलं, सुरुवात कुठून केलीस? “फोन चार्जिंगला होता, कंटाळा आला होता, समोर हेच होतं.” आणि जास्त वेळ कुठे गेला? तो जरा थांबला. मग वाकून त्याने जमिनीवरची जागा दाखवली. वायरला दोन सावल्या आहेत. एक खिडकीची, कडा विरघळलेली. दुसरी टेबलावरच्या दिव्याची, धारदार. अर्ध्या तासानंतर त्याला ती दुसरी दिसली होती आणि मग, त्याच्याच शब्दांत, “उठताच येईना.” फोन कधीच पूर्ण चार्ज झाला होता.

रकाना कोरा का ठेवलास, असं विचारल्यावर तो म्हणाला, “काय लिहू? चार्जर?”

मी म्हटलं, लिही की. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. दप्तरातून स्केचबुक काढून तो पुढचं पान उघडत होता. तीच खुर्ची, तीच वायर, रात्रीची. आता एकच सावली. आणि ती कुठे संपते हे ठरत नाही म्हणून तिथे खोडरबराने कागद पार खरवडून गेला होता.